डोक्याच्या कातडीवरचा अँजिओसार्कोमा: सी४४ की सी४९? आणि मुळात नोंद कशी असावी

रेवाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. कोडिंगवर, म्हणजे निदानाला ठरलेला कोड लावण्याच्या कामावर, इथे धागे निघतात ते बहुतेक परीक्षेचे, पगाराचे नाहीतर रात्रपाळीचे. हा धागा एकाच आजाराबद्दल आहे. अँजिओसार्कोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या किंवा लसीकावाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींचा कर्करोग. सगळ्या सॉफ्ट टिश्यू सार्कोमांमध्ये (मऊ आणि संयोजी ऊतींच्या कर्करोगांमध्ये) याचा वाटा एक-दोन टक्के, आणि सार्कोमाच मुळात दुर्मीळ. ऑन्कोलॉजीचे चार्ट वर्षानुवर्षं करणाऱ्यालाही हा क्वचित भेटतो आणि भेटला की हात अडखळतो.

आमचं काम अमेरिकेतल्या दवाखान्यांचं, त्यामुळे आयसीडी-१०-सीएम (आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोड-यादीची, आयसीडी-१० ची, अमेरिकी आवृत्ती). रुग्णाची ओळख पटेल असं काहीही इथे लिहीत नाही, फक्त वाद सांगते. पॅथॉलॉजी रिपोर्टवर 'अँजिओसार्कोमा, स्कॅल्प' एवढंच. टीममधल्या निम्म्या लोकांचं म्हणणं सी४४.४९. कातडीवर आहे, त्वचारोगतज्ज्ञाने बायोप्सी घेतली, मग तो त्वचेचाच कर्करोग. बाकीच्यांचं सी४९.०, म्हणजे डोकं, चेहरा आणि मान यांच्या संयोजी आणि मऊ ऊतींचा.

माझं उत्तर सी४९.० आहे आणि त्यावर मी ठाम आहे. कोड शोधायची सुरुवात आकड्यांच्या यादीतून करायची नसते, आधी इंडेक्स (आजारांच्या नावांची सूची). तिथे 'अँजिओसार्कोमा' काढलं की ते आपल्याला निओप्लाझम टेबलमधल्या (गाठींच्या कोडच्या तक्त्यातल्या) 'कनेक्टिव्ह टिश्यू'कडे, म्हणजे संयोजी ऊतींकडे, पाठवतं, आणि त्या यादीत स्कॅल्पसमोर सी४९.० आहे. रक्तवाहिनी ही संयोजी ऊतींतच धरलेली आहे. सी४४ मधल्या एक्सक्लूड्स टिपेत (इथे काय धरायचं नाही ते सांगणाऱ्या) अँजिओसार्कोमाचं नाव नाही हा समोरच्यांचा मुद्दा खरा आहे. पण टीप वाचायची पाळी इंडेक्सनंतर येते.

हा काही नुसता शास्त्रार्थ नाही. या आजारात पॅक्लिटॅक्सेल खूप वापरतात. अमेरिकेत त्या औषधाच्या लेबलवर अंडाशय, स्तन, फुप्फुस आणि एड्सशी संबंधित कापोसी सार्कोमा एवढेच कर्करोग आहेत. अँजिओसार्कोमासाठी ते एनसीसीएनच्या (अमेरिकेतल्या कर्करोग केंद्रांच्या संघटनेच्या) मार्गदर्शक सूचनांच्या आधारावर दिलं जातं, आणि विमा कंपनी तो आधार निदानाच्या कोडवरून तपासते. चुकीच्या घरातला कोड गेला तर क्लेम अडकू शकतो आणि केमो चालू असलेल्या माणसाच्या हातात बिल पडतं.

आता धागा काढण्याचं खरं कारण. आयसीडी-१० मध्ये या आजाराला स्वतःच्या नावाचा कोड फक्त यकृतात आहे: सी२२.३. बाकी सगळीकडे तो अवयवात विरघळतो. हृदयातला असेल तर सी३८.०, प्लीहेतला सी२६.१, स्तनातला सी५०, हातापायांतला सी४९. म्हणजे नुसत्या कोडवरून हे रुग्ण कुणाला मोजायचे झाले तर मोजताच येणार नाहीत. नाव टिकतं ते डॉक्टरांच्या नोटमध्ये, पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये आणि कॅन्सर रजिस्ट्रीत. म्हणून त्या कागदांवर काय लिहिलेलं असावं, यावर पॅथॉलॉजीवाले, रजिस्ट्रीवाले, विम्यातले लोक आणि ज्यांच्या घरी हा आजार आला असे वाचक, सगळ्यांनी बोलावं असं वाटतं.

----

कोथरूडकर

सी४९.० ला अनुमोदन. आमच्याकडे ऑडिटमध्ये याच कारणावरून सी४४.४९ चूक धरला होता.

----

नोंदवही

रेवाकाठ, छान मांडलंय. मी ह्यूस्टनमध्ये ट्यूमर रजिस्ट्रार आहे, म्हणजे कर्करोगाच्या रुग्णांची नोंद ठेवते (२०२४ पासून आमच्या प्रमाणपत्राचं नाव ऑन्कोलॉजी डेटा स्पेशालिस्ट झालं, काम तेच). आमच्या बाजूचं चित्र वेगळं आहे, ते सांगते.

रजिस्ट्रीत आम्ही आयसीडी-१० वापरत नाही, आयसीडी-ओ (खास कर्करोगासाठीची वेगळी कोड-यादी) वापरतो. त्यात दोन वेगळे कोड असतात: एक जागेचा, एक पेशींच्या प्रकाराचा. तुमचा हाच रुग्ण माझ्याकडे आला तर जागा सी४४.४, म्हणजे डोक्याची आणि मानेची त्वचा, आणि प्रकार ९१२०/३. नाव हरवत नाही, कारण ते जागेवर अवलंबूनच नाही. यकृतातला असला तर जागा सी२२.० आणि प्रकार पुन्हा ९१२०/३. आयसीडी-ओमध्ये सी२२.३ नावाची चीजच नाही. प्लीहेचा कोडसुद्धा तुमच्याकडे सी२६.१ आणि आमच्याकडे सी४२.२.

त्या तिरक्या रेघेनंतरच्या आकड्याकडे सगळ्यांनी लक्ष द्यावं. तो गाठीची वर्तणूक सांगतो. ० म्हणजे सौम्य, १ म्हणजे अनिश्चित, २ म्हणजे जागच्या जागी असलेला, ३ म्हणजे घातक. ९१२०/० म्हणजे हिमँजिओमा, बाळांच्या गालावर दिसतो तो लाल डाग. ९१२०/३ म्हणजे अँजिओसार्कोमा. चार आकडे तेच आणि शेवटच्या एका आकड्यात निरुपद्रवी डाग आणि जीवघेणा कर्करोग एवढं अंतर. कागदावर 'व्हॅस्क्युलर ट्यूमर' (रक्तवाहिनीची गाठ) एवढंच असेल तर मी तो शेवटचा आकडा कुठून आणू?

----

पाऊसपाणी

एक शंका. एकाच रुग्णाच्या बिलावर सी४९.० आणि रजिस्ट्रीत सी४४.४? ऑडिटवाले दोन्ही शेजारी ठेवून विचारणार नाहीत का, की यातलं खरं कोणतं?

----

नोंदवही

दोन्ही खरे, कारण दोन पद्धतींचे नियम वेगळे आहेत. दोन्हीकडे 'सी' आणि दोन अंक असल्यामुळे ते एकच वाटतात एवढंच. मी सी४४.४ लिहिलं म्हणून बिलिंगने आपला कोड बदलायचा नाही आणि बिलावर सी४९.० आहे म्हणून मी माझा बदलायचा नाही. विचारणा झालीच तर दोघांनी आपापल्या नियमपुस्तकाचं पान दाखवावं.

----

सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजिस्ट, नागपूर. आमच्या रिपोर्टवर कोडर आणि रजिस्ट्रीवाले नेहमी वैतागलेले असतात. ते मी समजू शकतो, पण आमची अडचणही ऐकून घ्या.

डोक्यावरचा अँजिओसार्कोमा बहुधा वयस्क माणसात येतो. जांभळट डाग, मुका मार लागल्यासारखा, कधी नुसतीच सूज. डोळ्यांना दिसतो त्याच्या कितीतरी पलीकडे तो कातडीखाली पसरलेला असतो. त्यातून पंच बायोप्सीचा चार मिलिमीटरचा तुकडा येतो, त्यात निम्मं रक्त. कधी गाठ इतकी शहाण्या बाळासारखी रक्तवाहिन्या बनवत असते की ती सौम्य वाटावी. कधी पेशी इतक्या बिघडलेल्या असतात की मेलॅनोमा (रंगपेशींचा कर्करोग) आहे की कार्सिनोमा (त्वचेच्या किंवा ग्रंथींच्या पेशींचा) हेच कळत नाही. एपिथेलिऑइड (कार्सिनोमासारख्या दिसणाऱ्या पेशींच्या) प्रकारात तर केराटिनचा स्टेनसुद्धा पॉझिटिव्ह येऊ शकतो आणि थेट कार्सिनोमाचा शिक्का बसू शकतो.

म्हणून इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशींतली ठराविक प्रथिनं रंगवून पेशींची जात ओळखायची चाचणी. सीडी३१ आणि ईआरजी हे दोन अस्तराच्या पेशी ओळखायला फार उपयोगी. सीडी३४ सोबत करतात, पण एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवू नये. कापोसी सार्कोमा (रक्तवाहिन्यांच्या पेशींचाच दुसरा कर्करोग) वेगळा काढायला एचएचव्ही-८ या विषाणूचा स्टेन. आधी रेडिएशन झालेल्या जागेवरची गाठ असेल तर एमवायसी जीनची तपासणी, कारण रेडिएशननंतरच्या अँजिओसार्कोमात त्या जीनच्या प्रती वाढलेल्या सापडतात, आणि रेडिएशनने कातडीत होणाऱ्या साध्या बदलांत सहसा सापडत नाहीत. यातलं काही बाहेरच्या लॅबला पाठवावं लागतं, रुग्णाकडे पैसे नसतात, आणि तोवर सर्जन रिपोर्ट मागत असतो. अशा वेळी पॅथॉलॉजिस्ट 'कन्सिस्टंट विथ' लिहितो, म्हणजे 'याच्याशी जुळतं', पक्कं नाही. ते प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं.

तरीही आम्ही करू शकतो आणि करत नाही अशा गोष्टी आहेत. निदानाची ओळ एकच असावी आणि तिच्यात जागा आणि बाजू असावी. इम्युनोचे निकाल आल्यावर पुरवणी रिपोर्ट निघतो, त्यात नुसते 'सीडी३१ पॉझिटिव्ह, ईआरजी पॉझिटिव्ह' लिहून सोडू नये. 'वरील निकालांनंतर अंतिम निदान: अँजिओसार्कोमा' असं पूर्ण वाक्य यावं. हे वाक्य नसेल तर पुढची सगळी साखळी पहिल्याच रिपोर्टच्या अर्धवट शब्दांवर चालते.

----

रेवाकाठ

सर, शेवटच्या परिच्छेदाची प्रिंट काढून भिंतीवर लावावीशी वाटतेय.

'कन्सिस्टंट विथ'बद्दल कोडरची बाजू सांगते, कारण नवीन लोक इथेच घसरतात. अमेरिकन नियमांत ओपीडीच्या चार्टमध्ये 'प्रॉबेबल', 'सस्पेक्टेड', 'कन्सिस्टंट विथ', 'कंपॅटिबल विथ' असं लिहिलेलं निदान पक्कं धरून कोड करायचं नाही. तेव्हा लक्षण किंवा गाठ एवढंच कोड करायचं. तेच शब्द ॲडमिट रुग्णाच्या डिस्चार्ज समरीत शेवटच्या निदानात असतील तर आजार आहे असं समजून कोड करायचं. आणि ॲडमिट रुग्णाच्या बाबतीत नुसत्या पॅथॉलॉजी रिपोर्टवरून कोड लावायचा नाही, उपचार करणाऱ्या डॉक्टरने ते निदान स्वतःच्या नोटमध्ये घेतलेलं असलं पाहिजे.

----

नोंदवही

आणि रजिस्ट्रीत तिसराच नियम! आमच्याकडे 'कन्सिस्टंट विथ', 'कंपॅटिबल विथ', 'प्रॉबेबल', 'फेवर्स' हे शब्द आले की तो कर्करोग म्हणून नोंदवायचा. 'पॉसिबल', 'सजेस्ट्स', 'कॅनॉट बी रूल्ड आऊट' आले तर नोंदवायचा नाही. म्हणजे सूक्ष्मदर्शी सरांनी लिहिलेल्या एकाच शब्दावर ओपीडीचा कोडर 'नाही' म्हणतो, इनपेशंटचा 'हो' म्हणू शकतो आणि मी 'हो' म्हणते. पुरवणी रिपोर्टमधलं ते एक वाक्य आलं की तिघांचं उत्तर एक होतं.

----

कृष्णाकाठची सून

मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही. हे शब्द सगळे कळले नाहीत, पण धागा वाचून राहवलं नाही.

माझ्या सासऱ्यांना डोक्यावर उजव्या बाजूला जांभळा डाग आला. रानात फांदी लागली असेल असं सगळ्यांना वाटलं. मलम झालं, ॲलर्जीच्या गोळ्या झाल्या. डाग पसरत गेला, मग रक्त यायला लागलं. शेवटी मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयात तपासणी झाली आणि हे नाव कळलं. तोवर मानेत गाठी आलेल्या.

उपचार सुरू झाले आणि विम्याचं कॅशलेस नाकारलं गेलं. आम्ही कारण विचारत राहिलो. नंतर कळलं की रुग्णालयाने पाठवलेल्या फॉर्मवर निदान 'स्कॅल्प लेजन' (म्हणजे डोक्यावरचा नुसता डाग किंवा गाठ) आणि कोड हिमँजिओमाचा होता, डी१८ ने सुरू होणारा. कर्करोग हा शब्दच नव्हता. घरात माणूस आजारी, आणि यजमान कागद घेऊन या खिडकीतून त्या खिडकीत. रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलेलं असताना फॉर्मवर ते का आलं नाही, हे आम्हाला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मामंजी गेले. आता माझा प्रश्न इतरांसाठी आहे. घरच्यांनी काय बघायला हवं? आम्हाला तर कोड नावाची गोष्ट असते हेही ठाऊक नव्हतं.

----

पाऊसपाणी

ताई, वाचून फार वाईट वाटलं. तुम्ही हे लिहिलंत ते बरं झालं.

----

दावेदार

ताई, मी टीपीएमध्ये (विमा कंपन्यांसाठी दावे तपासणाऱ्या संस्थेत) मेडिकल ऑफिसर म्हणून काम केलंय. तुमच्या बाबतीत काय झालं असेल त्याचा अंदाज बांधता येतो. ॲडमिशनच्या वेळचा फॉर्म बायोप्सीचा रिपोर्ट यायच्या आधी भरला जातो. तेव्हा तात्पुरतं निदान 'लेजन' किंवा 'व्हॅस्क्युलर लेजन' असतं, आणि इन्शुरन्स डेस्कवरचा मुलगा त्याला जवळचा दिसेल तो कोड टाकतो. पुढे रिपोर्ट येतो, उपचार बदलतात, पण फॉर्मवरचं निदान कुणी बदलत नाही. मग आमच्याकडे कागद येतात त्यांत सौम्य गाठीचा कोड आणि महागड्या केमोची मागणी. तपासणारा ते अडवतोच.

घरच्यांनी करण्यासारखं सांगतो. क्लेम फॉर्मचा 'ब' भाग रुग्णालय भरतं, त्यात आयसीडी-१० कोडचा रकाना असतो. त्याची प्रत मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. कोड कळला नाही तरी चालेल, पहिलं अक्षर बघा. रिपोर्टमध्ये कर्करोग आहे आणि फॉर्मवरचा मुख्य निदानाचा कोड 'सी'ऐवजी 'डी'ने सुरू होतोय, तर तिथेच थांबा आणि विचारा ('डी' म्हणजे सौम्य असं सरसकट नाही, पण विचारायला ते पुरेसं कारण आहे). निदान बदललं असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर दोन ओळी घ्या: आधीचं तात्पुरतं निदान हे होतं, अमुक तारखेच्या बायोप्सीनंतर अंतिम निदान हे आहे. सोबत रिपोर्ट जोडा. ह्या दोन ओळींनी सुटलेले दावे मी पाहिलेत.

नाकारलेला दावाही पुन्हा उघडायला सांगता येतो. आधी कंपनीच्या तक्रार कक्षात लेखी, तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे.

----

घारापुरीचा वारा

यकृताच्या सी२२.३ वरून एक जुनी गोष्ट. मी रासायनिक कारखान्यांमध्ये औद्योगिक आरोग्याचं काम केलं, त्यामुळे हा आजार मला दुसऱ्याच दाराने माहीत आहे.

जानेवारी १९७४. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुईव्हिलला बी. एफ. गुडरिच कंपनीचा पीव्हीसीचा कारखाना होता. तिथले डॉक्टर जॉन क्रीच यांच्या लक्षात आलं की एकाच कारखान्यातले कामगार यकृताच्या अँजिओसार्कोमाने दगावले आहेत. हा आजार इतका दुर्मीळ की एखाद्या डॉक्टरच्या आख्ख्या कारकिर्दीत एकही दिसू नये. दुवा निघाला व्हिनाइल क्लोराइड वायूचा. त्यापासून पीव्हीसी बनतं, आणि रिअ‍ॅक्टरच्या टाक्यांत उतरून भिंतींना चिकटलेला थर खरवडणाऱ्या कामगारांच्या नाकातोंडात तो जायचा. कामाच्या जागी त्याची मर्यादा तेव्हा ५०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५०० भाग) होती. त्याच वर्षात ती आधी ५० आणि मग १ पीपीएमवर आणायचा निर्णय झाला.

मला यात सगळ्यात मोलाचं काय वाटतं, तर त्या कामगारांच्या कागदांवर नेमकं नाव होतं. 'लिव्हर कॅन्सर' एवढंच लिहिलेलं असतं तर हे मृत्यू यकृताच्या इतर कर्करोगांत मिसळून गेले असते. दारू, कावीळ, सिरॉसिस, काहीही कारण लावता आलं असतं.

म्हणून आपल्याकडच्या डॉक्टरांना विनंती. यकृताचा अँजिओसार्कोमा असेल तर रुग्णाने आयुष्यात काय काय काम केलं ते केस पेपरवर लिहा. 'सेवानिवृत्त' हा व्यवसाय नव्हे. कुठल्या खात्यात, काय हाताळायचे, साधारण कोणत्या काळात. व्हिनाइल क्लोराइडसोबत आर्सेनिक आणि पूर्वी एक्स-रे तपासणीत टोचत असत ते थोरोट्रास्ट हीसुद्धा याची माहीत असलेली कारणं आहेत. कोडच्या बाजूने झेड५७.५, म्हणजे कामाच्या जागी विषारी पदार्थांशी संपर्क, हा जोडता येतो, पण डॉक्टरने लिहिलं असेल तरच.

मृत्यूच्या दाखल्याचंही तेच. रुग्णालयातल्या मृत्यूसाठी फॉर्म ४ असतो. त्यात पहिल्या ओळीत 'कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट' लिहून खालच्या ओळी कोऱ्या सोडलेले दाखले मी ढिगाने पाहिले. हृदय आणि श्वास तर सगळ्यांचाच थांबतो. सगळ्यात खालच्या ओळीत मूळ आजार यायला हवा, आणि तो पूर्ण नावाने.

----

गंधाली

आईसाठी विचारतेय. स्तनाचा कर्करोग, गाठ काढली, रेडिएशन झालं, त्याला बरीच वर्षं झाली. आता त्याच बाजूच्या कातडीवर जांभळे ठिपके आले आणि बायोप्सीत अँजिओसार्कोमा. फाइलवर मात्र सगळीकडे 'ब्रेस्ट कॅन्सर रिकरन्स' (जुनाच कर्करोग पुन्हा आला) असं लिहिलंय. हे बरोबर आहे का?

----

सूक्ष्मदर्शी

गंधाली, बायोप्सीचं निदान तसंच असेल तर 'रिकरन्स' बरोबर नाही. पहिला कर्करोग स्तनाच्या नलिकांचा किंवा ग्रंथींचा होता, हा रक्तवाहिन्यांचा आहे. हा वेगळा, नवा कर्करोग, आणि रेडिएशन झालेल्या भागात तो होऊ शकतो हे नीट माहीत आहे. स्तन काढल्यावर हात वर्षानुवर्षं सुजलेला राहिला तर त्या हातातही होतो, त्याला १९४८ पासून स्ट्यूअर्ट-ट्रीव्ह्स सिंड्रोम म्हणतात. दोन्हींचे उपचार वेगळे. हार्मोनच्या गोळ्यांचा याच्यावर उपयोग नाही. आईच्या ऑन्कोलॉजिस्टना भेटून फाइलवरचा शब्द बदलून घ्या, शक्यतो सार्कोमा बघणाऱ्या केंद्रात एकदा स्लाइड्स दाखवा. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये तशी सोय आहे.

----

रेवाकाठ

गंधाली, कागदांच्या बाजूने सांगते. जुना कर्करोग पूर्ण बरा होऊन उपचार संपले असतील तर तो 'पूर्वीचा' म्हणून झेड८५.३. रेडिएशन झालं होतं त्याचा झेड९२.३. नव्या आजाराचा मुख्य कोड जागेवर ठरतो. स्तन काढलेला असेल आणि गाठ छातीच्या भिंतीवर असेल तर सी४९.३. स्तन शाबूत असेल तर टेबल आपल्याला सी५० कडेच नेतं. मग रिकरन्ससारखं दिसणारं चित्र उभं राहतं, आणि सी५० खाली इस्ट्रोजेन रिसेप्टरची (स्तनकर्करोग हार्मोनला दाद देतो का ते सांगणारी) माहिती जोडायची सूचना असते, तिचा इथे काही संबंध नसतो. म्हणूनच नोटमध्ये 'रेडिएशननंतरचा अँजिओसार्कोमा, मूळ स्तनकर्करोगापासून वेगळा' असं सरळ वाक्य असणं फार गरजेचं. भारतातल्या रुग्णालयात हे सगळे कोड वापरतीलच असं नाही. ते वाक्य मात्र कुठेही चालेल.

----

कोथरूडकर

अजून एक जागा जिथे नोट घात करते. केमो चालू आहे आणि डॉक्टर लिहितात 'हिस्टरी ऑफ अँजिओसार्कोमा'. डॉक्टरांच्या मनात असतं की रुग्णाला हा आजार आहे. कोडरला दिसतो झेड८५.८३१, म्हणजे आजार संपला. गाठ काढून झाली तरी त्या जागेवर पुढचे उपचार चालू असतील तोवर मूळ कोडच राहतो. केमोपुरती भेट असेल तर आधी झेड५१.११, मग आजार.

फुप्फुसाचंही बघा. हा आजार फुप्फुसात गेला की कधी पोकळ्या होतात आणि त्या फुटून न्यूमोथोरॅक्स होतो, म्हणजे फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठते. तिथे आधी सी७८.० (फुप्फुसात पसरलेला कर्करोग) आणि मग जे९३.१२ (न्यूमोथोरॅक्स). नुसता न्यूमोथोरॅक्स कोड केला तर छातीत नळी का टाकावी लागली हे कागदावरून कळत नाही.

----

रानजाई

मी आपल्याकडच्या एका लोकसंख्याधारित कॅन्सर रजिस्ट्रीत काम करते. मुंबईची रजिस्ट्री १९६३ पासूनची, देशातली पहिली. बार्शीची १९८७ ची, देशातली पहिली ग्रामीण. आपल्याकडे पद्धत अशी की आमची माणसं स्वतः रुग्णालयांत, लॅबमध्ये, मृत्यूनोंदणीच्या कार्यालयात जाऊन नोंदी गोळा करतात. हातात जो कागद येतो तोच आमचा आधार. पुष्कळदा डिस्चार्ज कार्डावर 'सीए स्कॅल्प' (डोक्याच्या कातडीचा कॅन्सर) एवढंच असतं. मग लॅबचा रिपोर्ट शोधत जावं लागतं, आणि लॅब दुसऱ्या जिल्ह्यात असली की तो मिळेलच असं नाही. डिस्चार्ज कार्डावर बायोप्सीचा क्रमांक आणि लॅबचं नाव लिहायची सवय लागली तर आमचं निम्मं काम होईल. कृपया ही एवढी गोष्ट तुमच्या ओळखीच्या प्रत्येक निवासी डॉक्टरला सांगा.

----

नोंदवही

रानजाई, शंभर टक्के.

मोजता आलं की काय होतं याचं एक उदाहरण. बोस्टनजवळच्या ब्रॉड इन्स्टिट्यूटने मार्च २०१७ मध्ये अँजिओसार्कोमा प्रोजेक्ट सुरू केला. त्यातल्या प्रमुख संशोधक कॉरी पेंटर यांना स्वतःला हा आजार झालेला आहे. रुग्ण कुठल्या एका रुग्णालयात सापडणार नाहीत, म्हणून त्यांनी इंटरनेटवरून थेट रुग्णांनाच बोलावलं. अठरा महिन्यांत ३३८ जणांनी नोंदणी केली. त्यांनी आपले रिपोर्ट, लाळ आणि साठवलेल्या गाठीचे नमुने वापरायला दिले. २०२० मध्ये नेचर मेडिसिनमध्ये निष्कर्ष आले. डोकं, चेहरा आणि मान इथल्या अँजिओसार्कोमांत जनुकीय बदलांचं प्रमाण खूप जास्त आणि त्यांवर सूर्याच्या अतिनील किरणांची खूण. अशा गाठींवर इम्युनोथेरपी चालू शकेल का, हा विचार त्यातून पुढे गेला. स्तनातल्या गाठींत पीआयके३सीए जीनमधले बदल वारंवार दिसले. हे शक्य झालं कारण प्रत्येकाच्या रिपोर्टवर जागा आणि प्रकार दोन्ही वाचता येत होते. डोक्यावरचे आणि स्तनातले वेगळे काढता आले नसते तर हे काहीच दिसलं नसतं.

----

पाऊसपाणी

आयसीडी-११ मध्ये काही सुधारणा आहे का?

----

रेवाकाठ

आहे! तिथे अँजिओसार्कोमाला स्वतःचा गट मिळालाय, २बी५६. हृदय, स्तन, प्लीहा, यकृत यांना त्याखाली उपकोड. जागतिक आरोग्य संघटनेकडून आयसीडी-११ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, पण आमचं अमेरिकेचं बिलिंग अजून १० वरच चालतं.

क्वेरीबद्दल (कोडरने निदान स्पष्ट करून घ्यायला डॉक्टरला पाठवलेला लेखी प्रश्न) व्यक्तिगत निरोपांत विचारणा झाली म्हणून इथेच लिहिते. डॉक्टरला 'हा अँजिओसार्कोमाच आहे ना?' असं विचारायचं नाही. उत्तर सुचवणारी क्वेरी नियमात बसत नाही. मी अशी लिहिते: 'अमुक तारखेच्या पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये अँजिओसार्कोमा, स्कॅल्प असं नमूद आहे. आपल्या नोटमध्ये व्हॅस्क्युलर लेजन असं आहे. आपल्या वैद्यकीय निर्णयानुसार निदान स्पष्ट करावं.' खाली पर्याय: अँजिओसार्कोमा, सौम्य रक्तवाहिनीची गाठ, इतर (कृपया लिहा), सांगता येत नाही. पैशांचा किंवा क्लेमचा उल्लेख क्वेरीत कधीही नाही.

----

गंधाली

डॉक्टरांना भेटून आले. त्यांनी शांतपणे ऐकलं, फाइलवरचा 'रिकरन्स' खोडून सही-तारखेसह 'रेडिएशननंतरचा अँजिओसार्कोमा' लिहून दिलं. मुंबईला दाखवायला जातोय. तिथे न्यायला नक्की काय काय मागायचं लॅबकडून?

----

सूक्ष्मदर्शी

स्लाइड्स आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा), दोन्ही. नुसत्या स्लाइड्स नेल्या तर नवे स्टेन करता येत नाहीत आणि परत खेप पडते. लॅबला लेखी अर्ज द्या, बायोप्सी क्रमांक लिहा, पोच घ्या. मूळ रिपोर्ट आणि इम्युनोचा पुरवणी रिपोर्ट दोन्ही सोबत. जुन्या स्तनकर्करोगाचा रिपोर्ट आणि रेडिएशनचा तपशील, म्हणजे कोणत्या वर्षी, किती डोस, कोणता भाग, हेही शोधून ठेवा. जुना ब्लॉक अजून मिळत असेल तर तोही घ्या, तुलनेला लागतो. ब्लॉक उन्हात गाडीत ठेवू नका, मेण असतं ते.